खटक्याने खोटं बोलू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बटणं, खटके, नॉब हे आता थोड्या दिवसांचे सोबती. यापुढे सगळं काचेवर आणि काचेनंतर थेट हवेत, अशा अर्थाचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. सोबतच्या चित्रात एक गृहस्थ रिकाम्या हवेत बोट नाचवून दिवे लावत आहेत. चित्र देखणं आहे. फक्त त्या गृहस्थांचे दोन्ही हात मोकळे आहेत, बोटं कोरडी आहेत, खोलीत भरपूर उजेड आहे आणि ते दिव्याकडेच बघताहेत. इतक्या सोयी असतील तर दिवा कशानेही लागतो.

मी 34 वर्षं कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात वायरिंग आणि टेस्टिंग केलं. यंत्राशेजारी ती लोखंडी कपाटं उभी असतात ना, दारावर दिवे, बटणं आणि मीटर असलेली, ती. आतली वायर ओढायची, टोकाला लग दाबायचा, नंबर चढवायचा, आणि सगळं झालं की एकेक बटण दाबून बघायचं. त्यामुळे बटणांवर माझा जीव आहे हे आधीच कबूल करते. पण जुनं ते सोनं असं म्हणायला हे पत्र लिहीत नाही. निवृत्त झाल्यापासून मी घरी मायक्रोकंट्रोलरचे (एका चिपवरच्या छोट्या संगणकाचे) बोर्ड आणि सेन्सर घेऊनच बसलेली असते, आणि प्रोग्रॅममध्ये अडले की भाचीला फोन लावते. वस्तू आणि तिच्या पोटातला प्रोग्रॅम यांची सांगड घालायला माझी मुळीच हरकत नाही. माझी अट एकच आहे. वस्तूने खरं बोलावं. तिला हात लावला की आत काय चाललंय ते कळावं.

म्हणजे काय, ते पॅनेलवरूनच सांगते. पॅनेलवरचं सगळ्यात प्रामाणिक बटण इमर्जन्सी स्टॉपचं. लाल, अळंब्याच्या टोपीसारखं, मागे पिवळी पाटी. तळहाताने, कोपराने, धावत येऊन खांद्यानेही दाबता येतं. दाबलं की ते आत बसतं आणि आतच राहतं. सोडवायचं तर मुद्दाम पिळावं लागतं. त्यामुळे कोणी दाबलेलं आहे की नाही हे दिवा न बघता, मीटर न बघता, नुसता हात फिरवून कळतं. आणि त्याचा संपर्क नेहमी जोडलेला असतो, दाबल्यावर तुटतो. म्हणजे वायर उंदराने कुरतडली तरी यंत्र थांबतं, चालू राहत नाही. मी टेस्टिंगला नवी होते तेव्हा आमच्या सुपरवायझरनी मला पहिल्याच दिवशी डोळे मिटून पॅनेलच्या दारावर हात फिरवायला लावला होता. "आता यंत्र कुठल्या मोडवर आहे ते सांगा," म्हणाले. सिलेक्टरची, म्हणजे मोड निवडायच्या फिरत्या खटक्याची, चोच कुठे वळली आहे ते चाचपून मी "ऑटो" म्हणाले. बरोबर होतं. तेव्हा मला तो पोरखेळ वाटला होता.

तो पोरखेळ नव्हता हे विमानवाल्यांना फार आधी कळलं. दुसऱ्या महायुद्धात बी-17 बॉम्बर उतरवल्यावर वैमानिक फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) वर घ्यायच्या ऐवजी चाकंच वर घ्यायचे, आणि विमान पोटावर बसायचं. चांगले शिकलेले, दिवसाढवळ्या उडणारे वैमानिक. 1943 मध्ये अल्फोन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये बघितलं तर दोन्ही कामांचे खटके शेजारी शेजारी आणि दिसायला जुळे. त्याने एकाच्या टोकाला छोटं रबरी चाक बसवलं, दुसऱ्याला पाचरीसारखा तुकडा. चाकासाठी चाक, फ्लॅपसाठी फ्लॅप. आजही प्रवासी विमानांत चाकांची दांडी चाकाच्या आकाराची असते, आणि ती तशी असावी हे अमेरिकेच्या विमान-नियमांत लिहिलेलं आहे. इथे ना स्क्रीन, ना प्रोग्रॅम. पण वस्तूच्या आकारात माहिती भरायची ही युक्ती इथलीच.

आता प्रोग्रॅम आला की गोम कुठे येते ते बघा. जुन्या रेडिओचा आवाजाचा नॉब आठवा. आत कार्बनचा अर्धगोल पट्टा, त्यावर सरकणारी एक पत्ती. दोन्ही टोकांना अडतो. अंधारात डावीकडे अडेपर्यंत फिरवा, मग तिथून उजवीकडे जितका फिरवाल तितका आवाज. आवाज किती आहे ही गोष्ट नॉबच्या अंगावर लिहिलेली असते. रेडिओ बंद असला तरी ती तिथे असते. हल्लीच्या बऱ्याच यंत्रांत तसाच दिसणारा नॉब असतो, पण तो गोल गोल फिरतच राहतो. त्याला एन्कोडर म्हणतात. तो फक्त 'एक घर पुढे', 'एक घर मागे' असे टिचके पाठवतो. आवाज किती आहे हा आकडा प्रोग्रॅमच्या डोक्यात. नॉबला विचारलं तर तो काहीच सांगत नाही. वाईट आहे असं नाही, काही कामांना तोच लागतो. पण दिसायला सारखे असलेले हे दोन नॉब स्वभावाने अगदी वेगळे आहेत, आणि आपल्या पुरवणीत कौतुकाने छापलेल्या वस्तूंपैकी निम्म्यांना हा फरक माहीत नसावा असं मला वाटतं.

कोणी म्हणेल, मग सगळीकडे जुनाच नॉब बसवा. तर तसंही नाही. समजा आवाज नॉबनेही बदलतो आणि फोनवरूनही. फोनवरून कमी केला. नॉबची खूण मात्र अजून जास्तवरच आहे. नॉब खोटं बोलायला लागला. घराघरांत याचा गावठी नमुना आहेच: जिन्याचा दिवा. खाली एक खटका, वर एक, दोन्हीकडून लागतो, दोन्हीकडून जातो. त्या खटक्याकडे बघून दिवा लागलाय की नाही हे कधीच सांगता येत नाही, कारण त्याला दोन मालक आहेत. जिन्यात ते चालतं, कारण दिवा डोळ्यांसमोर असतो. जिथे दिवा दिसत नाही तिथे हा घोटाळा महागात पडतो.

ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत हा प्रश्न फार सुंदर सोडवलाय. तिथल्या मिक्सरवर सरकवायच्या पट्ट्या असतात, त्यांना फेडर म्हणतात. मोठ्या मिक्सरमध्ये प्रत्येक फेडरखाली छोटी मोटर असते. संगणकावर साठवलेली जुनी जुळणी परत मागवली की ओळीने सगळे फेडर आपोआप सुर्रकन आपापल्या जागी जातात. आणि फेडरला बोट लागल्याचं कळतं, बोट लागलं की मोटर ढिली पडते आणि माणसाचं ऐकते. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा बराच वेळ फेडर खाली ओढून सोडत बसले होते. संगणकाने काही बदललं तर वस्तू हलते, माणसाने वस्तू हलवली तर संगणक बदलतो; दोघांत मतभेद उरत नाही. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म त्या मोटरमध्ये आहे.

मतभेद उरला की काय होतं त्याचं उदाहरण 21 ऑगस्ट 2017 चं. सिंगापूरच्या सामुद्रधुनीजवळ अमेरिकन नौदलाची यूएसएस जॉन एस. मॅकेन ही विनाशिका आणि ॲलनिक एमसी हे तेलवाहू जहाज यांची टक्कर झाली, 10 नौसैनिक गेले. विनाशिकेचं सुकाणू आणि वेग टचस्क्रीनवर होता. एका चालकाच्या जागेवरून दुसऱ्याच्या जागेकडे ताबा देताना जहाज ढकलणाऱ्या दोन पंख्यांच्या वेगाचा ताबा एकत्र गेलाच नाही, एकाचाच गेला. वेग कमी केला तर एकच पंखा मंदावला आणि जहाज वळायला लागलं. चालकांना वाटलं सुकाणूच गेलं. चुका इतरही होत्या, प्रशिक्षण कमी होतं, झोप अपुरी होती, हे चौकशीत आलंच आहे. पण दोन दांड्या हाताखाली असत्या तर एक पुढे आणि एक मागे आहे हे तळहाताला कळलं असतं. काचेवर दोन्ही सारख्याच गुळगुळीत. 2019 मध्ये त्या नौदलाने वेगासाठी पुन्हा दांड्या बसवायचं ठरवलं.

हे झालं काय होऊ नये त्याबद्दल. काय होऊ शकतं, ते मला सगळ्यात आधी गोट्यांनी दाखवलं. 1992 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या डरेल बिशपने एका निरोप घेणाऱ्या यंत्राचा नमुना कल्पला. फोनवर निरोप आला की यंत्रातून एक गोटी घरंगळत बाहेर येते. गोट्या मोजा, तेवढे निरोप. गोटी उचलून यंत्रावरच्या खळग्यात ठेवा, निरोप ऐकू येतो. फोनवरच्या खळग्यात ठेवा, निरोप देणाऱ्यालाच फोन लागतो. निरोप घरातल्या दुसऱ्या कोणाचा असेल तर गोटी त्याच्या वाटीत टाकून द्या. बस. माहितीपुस्तिका लागत नाही. ते यंत्र बाजारात कधी आलं नाही, पण या क्षेत्रात काम करणारा प्रत्येक जण त्या गोट्यांची गोष्ट सांगतो.

त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकात, अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात रेडिया पर्लमन यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्या लहान मुलांसाठी प्रोग्रॅमिंगची पेटी केली होती. प्लास्टिकची कार्डं ओळीने खाचांत खोचायची. प्रत्येक कार्डावर एक हुकूम, पुढे जा, वळ. बटण दाबलं की जमिनीवरचं यांत्रिक कासव तसं चालतं. कासव चुकलं तर कार्ड काढून दुसरं खोचायचं. याच बाईंनी पुढे नेटवर्कमधली गुंतागुंत सोडवणारा स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल लिहिला, त्यामुळे त्यांचं नाव होतं ते तिकडे. ही पेटी मात्र मागे पडली. मला त्यांची ही पेटीच जास्त आवडते, काय करू.

या सगळ्याला नाव आणि सिद्धांत मिळाला 1997 मध्ये, एमआयटी मीडिया लॅबच्या हिरोशी इशी आणि ब्रिग उल्मर यांच्या 'टँजिबल बिट्स' (हाताला लागणारी माहिती) या निबंधाने. इशी लहानपणच्या अबॅकसची, म्हणजे मणी सरकवून हिशेब करायच्या चौकटीची, आठवण सांगतात. अबॅकसमध्ये मणी हाच आकडा, मणी हेच बटण आणि मणी हाच पडदा. तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी. आईच्या हातून मण्यांचा आवाज यायला लागला की ती कामात आहे हे पलीकडे बसलेल्या मुलालाही कळायचं. पुढे त्यांनी काचेच्या बाटल्या केल्या. बूच काढलं की त्यातून सूर बाहेर येतात. त्यामागची मूळ कल्पना आईसाठी हवामानाची बाटली करायची होती: बूच उघडल्यावर पक्षी ऐकू आले तर उद्या ऊन, पाऊस ऐकू आला तर पाऊस. संगणक न येणाऱ्या बाईलाही बाटली उघडता येतेच.

ही बाटली वाचली आणि मी उठले, कारण आमच्या घरात तोच प्रश्न होता. माझ्या सासूबाई आता 86 वर्षांच्या. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय; कडेकडेचं धूसर दिसतं, समोरचं माणूस दिसत नाही. कान मात्र तल्लख. लांब राहणारी लेक, नातवंडं, बहीण फोनवर बोलून ठेवतात, ते ऐकायचा त्यांना नाद. पण त्यासाठी प्रत्येक वेळी कोणालातरी हाक मारायची. स्वतः फोन हातात घेतला की काचेवर नको तिथे बोट पडायचं, कोणालातरी व्हिडिओ कॉल लागायचा आणि त्या घाबरून फोन उशीखाली सारायच्या. बोलून चालणारा स्पीकरही आणून बघितला. तो त्यांचं बोलणं समजेना, आणि "यंत्राला काय म्हणून आर्जवं करायची" असं त्यांचं म्हणणं पडलं. मला ते पटलं.

मग पेटी केली. जुनी लाकडी पेटी, वरच्या झाकणाखाली एनएफसी रीडर (जवळ आणलेला टॅग बिनतारी वाचणारं यंत्र), आत एक छोटा बोर्ड, मेमरी कार्ड आणि स्पीकर. वर ठेवायच्या वस्तू त्यांच्याच: बहिणीसाठी दोऱ्याचं लाकडी रीळ, लेकीसाठी तिच्या लहानपणची भोवरी, नातवासाठी बुद्धिबळातला घोडा, आणि सासऱ्यांच्या टेबलाची पितळी किल्ली. प्रत्येकीच्या बुडाला टिकलीएवढा टॅग. टॅगमध्ये बॅटरी नसते, रीडरमधून 13.56 मेगाहर्ट्झचं जे चुंबकीय क्षेत्र निघतं त्यातूनच तो वीज घेतो आणि आपला नंबर सांगतो. मी टॅगमध्ये नंबराखेरीज काही ठेवलं नाही. आवाज सगळे पेटीतच. रीळ ठेवलं की बहिणीचं बोलणं सुरू, उचललं की बंद. चालू-बंदचं बटणच नाही. रात्री जाग आली की सासूबाई पेटीवरून हात फिरवतात. वर काही नसलं की पेटी गप्प आहे हे त्यांना कळतं.

लिहिताना हे सोपं वाटतं. किल्लीने आठ दिवस खाल्ले. रीळ बोलतंय, घोडा बोलतोय, किल्ली ठेवली की पेटी मुकी. मी सोल्डर तपासलं, प्रोग्रॅम तपासला, टॅग तीनदा बदलला. भाचीने फोनवर विचारलं, "मावशी, किल्ली कशाची आहे?" पितळेची! धातूत त्या क्षेत्राने भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विजेचे प्रवाह उठतात आणि ते क्षेत्रालाच मारून टाकतात. टॅगला वीजच मिळत नाही. 34 वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या आसपास घालवून हे मला सुचू नये! पाठीला फेराइटचा (क्षेत्राला धातूपासून आडोसा देणाऱ्या चुंबकीय पदार्थाचा) पातळ थर असलेले टॅग मिळतात, तो चिकटवला आणि किल्ली बोलली. तिच्यात सासऱ्यांचा आवाज आहे, एका जुन्या कॅसेटवरून काढलेला, दीड मिनिटाचा. मागे कोणीतरी दार आपटतं तेही आहे. ते मी कापलं नाही.

दुसरी अडचण अशी की बोलणं मध्येच तुटायचं. स्वस्तातला रीडर प्रत्येक वेळी टॅग बघतोच असं नाही. माझा तर एक आड एक वेळेला 'कोणी नाही' म्हणायचा. पॅनेलच्या कामात बटणाचा संपर्क दाबताना थरथरतो, तेव्हा आम्ही क्षणभर थांबून मगच विश्वास ठेवतो, तेच इथे केलं. सलग पाच वेळा 'नाही' आलं तरच गप्प व्हायचं. तिसरी अडचण सासूबाईंनी काढली. त्यांनी रीळ आणि घोडा एकदम ठेवले. का, तर बहीण आणि नातू एकत्र बोलतील म्हणून. पेटी गोंधळली, कधी एक, कधी दुसरं, कधी काहीच नाही. दोन टॅग वेगवेगळे ओळखायची सोय त्या तंत्रात असते, भाची तो प्रोग्रॅम लिहायला बसणारही होती. मी त्याऐवजी झाकणावर एकच खळगा कोरून घेतला, एक वस्तू जेमतेम मावेल एवढा. दुसरी ठेवायला जागाच नाही. शंभर ओळींचं काम पटाशीने झालं, आणि खळगा हाताला सापडतोही.

भाचीशी खरं भांडण झालं ते आवाजाच्या नॉबवरून. तिला हवा होता एन्कोडर, कारण आजीच्या पेटीचा आवाज तिला तिच्या फोनवरून कमी-जास्त करता यायला हवा. तिचाही मुद्दा खोटा नाही: सासूबाई कधीकधी आवाज इतका मोठा ठेवतात की फोनवर बोलता येत नाही. मी म्हटलं, मग मोटर लाव. मोटरचा नॉब त्या पेटीत मावेना. शेवटी जुन्या पद्धतीचा, दोन्हीकडे अडणारा नॉब बसवला आणि फोनला आवाजाचा अधिकारच दिला नाही. एकच मालक. भाची अजून म्हणते की मावशीने सोय मारली. मारली. पण सासूबाईंनी नॉब अर्ध्यावर ठेवला तर सकाळी तो अर्ध्यावर असतो आणि आवाजही अर्धाच असतो.

काचेच्या बाजूनेही बोललं पाहिजे. नकाशा काचेवरच हवा. बदलत जाणाऱ्या गोष्टींना, ज्यांची यादी उद्या दुप्पट होणार आहे अशांना, काचेइतकं लवचीक काही नाही. माझ्या पेटीला खळगा एक आणि वस्तू दहा झाल्या की टोपलीत शोधाशोध होणार हे मला दिसतंय. तक्रार आहे ती जिथे हात आंधळा काम करतो तिथेही काच लावण्याबद्दल. 2022 मध्ये 'वी बिलेगारे' या स्वीडिश मासिकाने ताशी 110 किलोमीटरने जाणाऱ्या गाड्यांत चालकाला चार साधी कामं करायला लावली. बटणांच्या 2005 च्या व्हॉल्व्हो व्ही 70 ला 10 सेकंद लागले, तेवढ्यात गाडी 306 मीटर गेली. नव्यांपैकी सगळ्यात मागे पडलेल्या गाडीला जवळजवळ 45 सेकंद लागले. आता गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने 2026 पासून पाच तारे हवे असतील तर इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे, मदतीची हाक यांना प्रत्यक्ष खटके असावेत असं म्हटलंय. आपल्या लेखात याचा उल्लेख यायला हवा होता.

आणखी एक गोष्ट पुरवणीवाले कधी लिहीत नाहीत: वस्तूच्या मरणाची. 2005 मध्ये फ्रान्समध्ये नबाझताग नावाचा पांढरा ससा आला. इंटरनेटला जोडलेला, कान हलवून, दिवे लावून निरोप आणि हवामान सांगायचा. लोकांचा जीव जडला. 2011 मध्ये त्यामागचे सर्व्हर बंद झाले आणि घरोघरचे ससे कान पाडून बसले. शरीर धडधाकट, मोटर चालू, पण अक्कल दुसऱ्याच्या घरी ठेवलेली. पुढे काही वर्षांनी त्याच्या मूळ निर्मात्यांनी आतला बोर्ड बदलायचे संच काढून काही सशांना उठवलं, ते कौतुकाचंच. माझ्याकडेही असाच एक टेबलावरचा दिवा आहे. लेक घरी पोचली की तो पिवळा व्हायचा. बनवणाऱ्यांनी एक दिवस ॲप बंद केलं. आता प्लग लावला की तो रात्रंदिवस निळा उजळतो, म्हणजे 'नेट शोधतोय'. त्याला साधा दिवा म्हणूनही वापरता येत नाही, कारण खटकाच दिलेला नाही. लाकूड फार सुरेख आहे म्हणून टाकवतही नाही.

तेव्हा विनंती अशी की आपल्या पुरवणीत अशा वस्तूंची ओळख करून देताना लेखकाने ती एकदा डोळे मिटून वापरून बघावी आणि काय झालं ते लिहावं. घरातलं वायफाय बंद करून बघावी. फोनवरून काही बदललं तर वस्तूच्या अंगावर ते कळतं का, हेही लिहावं. फोटो थोडा लहान छापला तरी चालेल.

पेटीचं काम अजून चालूच आहे. परवा दुपारी सासूबाईंनी आपल्या चष्म्याचं घर खळग्यात ठेवलेलं मला दिसलं. चष्मा आता निरुपयोगी, घर मात्र त्या जवळ बाळगतात. खळग्यात ते मावत नव्हतं, तिरकं उभं होतं. पेटी अर्थातच गप्प. "हे का बोलत नाही?" म्हणाल्या. मी म्हटलं, त्याला टॅग नाही लावलेला, लावते; आत कोणाचा आवाज भरू? त्यांनी ते उचलून परत मांडीवर घेतलं आणि "सांगते नंतर" म्हणाल्या. खळगा बोटभर रुंद करून ठेवलाय.

आपली,
एक निवृत्त पॅनेल वायरिंग कारागीर